आत्याला पास लागणार नाहीये, फॉरवर्ड करणं थांबवा

परवा रात्री साडेअकराला आत्याचा फोन. म्हटलं आता काय झालं. तर म्हणे, "अरे, मला तुझ्याकडे यायला पास काढावा लागणार का?" मग तिने तो फॉरवर्ड पाठवला, 'डिलीट होण्याआधी वाचा' वाला. तुम्हालाही आला असेलच. सार असं: आपल्या भागात चालायचे नि सायकलचे रस्ते आखतायत तो सगळा '१५ मिनिटांच्या शहरा'चा डाव आहे, म्हणजे उघडं जेल. शिवाय त्याने ट्रॅफिक वाढतो, दुकानं बसतात, ट्रॅक रिकामे राहतात आणि म्हाताऱ्यांचे हाल होतात.

आत्या ७१ वर्षांची आहे आणि तिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी जेल. १५ मिनिटांच्या शहराची कल्पना कार्लोस मोरेनो या प्राध्यापकाने २०१६ च्या सुमारास मांडली. दवाखाना, शाळा, किराणा, बाग हे घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत असावं, एवढंच. आता शेजारी दवाखाना उघडला म्हणून लांबच्या डॉक्टरकडे जायला बंदी येते का हो?

पुरावा म्हणून ऑक्सफर्ड दिलंय, 'तिथे लोकांना वर्षातून फक्त १०० दिवस बाहेर पडता येतं'. इथे माझं डोकं फिरलं, कारण यात १०० चा आकडा खरा आहे आणि बाकी सगळं खोटं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या काउंटी कौन्सिलने सहा ठिकाणी ट्रॅफिक फिल्टर लावून बघायला मंजुरी दिली. म्हणजे ठरावीक वेळेत त्या सहा ठिकाणांहून खाजगी कार थेट पुढे न्यायची नाही, नेली तर कॅमेरा पकडणार आणि दंड. रहिवाशांना परमिट काढून वर्षातले १०० दिवस तिथूनही कार नेता येईल, आणि परमिट नसलं तरी बाहेरच्या रिंगरोडने वळसा घालून कुठेही, कितीही वेळा जा. चालणारे, सायकलवाले, बस यांना काहीच आडकाठी नाही. फॉरवर्डवाल्याने 'कार' खोडून 'माणूस' लिहिलं, झालं काम.

आणि हे नवीनही नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात कारने थेट जाता येत नाही, बाहेर पडून वळसा घालून यावं लागतं, पायी किंवा सायकलने मात्र सरळ. जवळपास पन्नास वर्षं होत आली, अजून कुणी भिंत बांधलेली नाही. आज ते शहर सायकलसाठीच ओळखलं जातं.

हां, एक मान्य करतो. कारवाल्याचा फेरा वाढतो, आणि आखणी ढिसाळ असेल तर आतला ट्रॅफिक बाहेरच्या रस्त्यावरच्या लोकांच्या दारात जाऊन बसतो. त्यावर भांडा की, मी पण येतो. पण जेल?

ट्रॅफिक वाढतो म्हणे. साधारण तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला खाजगी गाड्यांमधून ६०० ते १६०० माणसं जातात, तेवढ्याच रुंदीच्या सुरक्षित सायकल ट्रॅकवरून ७५०० पर्यंत आणि फूटपाथवरून ९००० पर्यंत जाऊ शकतात. हे आकडे नॅक्टो या अमेरिकन शहरांच्या वाहतूक संघटनेचे आहेत, माझे नाहीत. दुकानांचं म्हणाल तर खोदकाम चालू असताना धंदा बसतो हे खरंच आहे, पण चालत येणारा माणूस थोडंथोडं घेतो आणि परतपरत येतो, गाडीतून सुसाट जाणारा थांबतच नाही.

रिकामे ट्रॅक? असतात. दोनशे मीटर गुळगुळीत आणि मग थेट ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर संपणारा ट्रॅक रिकामाच राहणार, त्यावरून पोराला शाळेत कोण पाठवेल. स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ नंतरच्या काही वर्षांतच एकमेकांना जोडलेलं ८० किलोमीटरच्या आसपास जाळं केलं आणि सायकलवाले कित्येक पटींनी वाढले. तुकडे केले असते तर तिथेही हाच फॉरवर्ड फिरला असता.

राहिले म्हातारे, ज्यांच्या नावाने गळा काढलाय. चालायला नीट जागा झाली तर हाल कुणाचे होतात, आत्याचे? तिला आज घरात कोंडून ठेवलंय ते कोपऱ्यावरच्या सिग्नलने. क्रॉसिंगचा वेळ काढताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. गुडघे दुखणारं म्हातारं माणूस ०.८ ने चालतं. १४ मीटरचा रस्ता एकाला १२ सेकंदांत, दुसऱ्याला साडेसतरा. ते मधले साडेपाच सेकंद ती रस्त्याच्या मध्यात, समोरून बाइका.

हे फोनवर सांगितलं तर गप्पच झाली. काल सकाळी स्वतः जाऊन सिग्नलचा वेळ मोजून आली, ११ सेकंद. आता विचारतेय, आराखड्यावर सूचना द्यायचा फॉर्म कुठे मिळतो.