‘इन्शुलिन सोडा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला

नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. सार असं: ‘इन्शुलिनची सवय लागली की सुटत नाही. त्याने किडन्या जातात. हा सगळा कंपन्यांचा धंदा. आजच बंद करा, २१ दिवस कारल्याचा रस घ्या. एका काकांचं एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी) ९ वरून ६ वर आलं.’ या वेळी मावशीने विचारलं, ‘मग उद्यापासून बंद करू का गं?’ म्हणून हे लिहायला बसले.

आधी सवयीचं बघू. गरोदरपणात शुगर वाढली म्हणून इन्शुलिन घेणाऱ्या बहुतेक बायकांचं ते बाळंतपणानंतर बंद होतं. ऑपरेशनपुरतं घेणारेही असतात. त्यांची सवय कशी सुटली? टाइप १ मधुमेहात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, टाइप २ मध्ये वर्षं जातात तशा त्या थकत जातात. शरीर बनवत नाही, म्हणून बाहेरून घ्यावं लागतं.

किडनीचा मुद्दा मात्र लोकांना डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो. ‘आमच्या बाबांना इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात डायलिसिस.’ खोटं नाही, पण क्रम उलटा लावलाय. किडनी खराब होते ती बरीच वर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. ती उतरणीला लागली की मेटफॉर्मिनसारख्या शुगरच्या गोळ्या कमी किंवा बंद कराव्या लागतात, आणि मग उरतं इन्शुलिन. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की इंजेक्शन आधी आलं आणि डायलिसिस नंतर.

धंद्याबद्दल मी भांडणार नाही. जगातलं बहुतेक इन्शुलिन तीनच कंपन्या विकतात आणि किमतीबद्दल राग असायलाच हवा. पण औषध महाग आहे म्हणजे ते खोटं आहे, असं होत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा मधुमेहाने हाडांचा सापळा होऊन पडला होता. तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस ढकलणं एवढाच उपाय होता. ११ तारखेचं इन्शुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. अर्क आणखी शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिलं, आणि शुगर उतरली. तो पुढे १३ वर्षं जगला. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं.

‘आजच बंद करा’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. इन्शुलिन नसलं की साखर रक्तात पडून राहते, शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणाऱ्या कीटोन्सनी रक्त आंबट होतं. खूप तहान, पोटात दुखणं, उलट्या, खोल खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. घरात म्हणतात, पित्त झालंय, जेवतही नाहीये, मग इंजेक्शन कशाला? टाइप १ च्या मुलाच्या बाबतीत ही चूक एक-दोन दिवसांत आयसीयूत नेते, जिवावरही बेतते. आजारपणात मात्रा बदलते, ती डॉक्टरांना विचारून. इन्शुलिन पूर्ण थांबवायचं नसतं.

कारलं भाजी म्हणून खुशाल खा.

राहिले ते काका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीएवनसी त्यांना चिकटलेली साखर मोजतं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. २१ दिवसांत ९ चं ६ झालं, तर आधी रक्ताची चौकशी करावी. रक्तस्राव झाला, रक्त चढवलं किंवा पेशी लवकर फुटत असल्या, तर आकडा खोटाच कमी येतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. तिथे नुसत्या या आकड्यावर विसंबणं धोक्याचं.

इन्शुलिनची खरी भीती मेसेजमध्ये आलीच नाही: शुगर फार उतरण्याची. किडनी कमजोर असेल तर इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून मात्रा कमी करावी लागते. घाम, थरथर, बडबड सुरू झाली आणि शुगर ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा. मावशीच्या फ्रिजवर मी एवढंच लिहून चिकटवलंय.