‘इतर’ गट काढल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

भांड्यांच्या दुकानातला माल नोंदवायच्या आमच्या ॲपला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, “नव्या आवृत्तीत ‘इतर’ गटच काढून टाकला. मोडीत आलेला बंब कुठे नोंदवू? पोरगा पातेल्यांत टाकून मोकळा होतो.” तक्रार रास्त आहे. चूक आमची आहे.

गट का काढला ते सांगतो. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या भांडी बाजारातल्याच आमच्या एका गिऱ्हाइकाकडे गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी न्यायचे तांब्याचे छोटे गडू भराभर खपले. पुन्हा माल मागवायच्या वेळी किती गेले ते सांगता येईना, कारण गडू, पळी, ताम्हण, कलईचं कथील, सगळं ‘इतर’मध्ये. ते माझ्या मनाला फार लागलं होतं.

पण तुमच्या बंबाने दाखवून दिलं की गट नसण्याने नुकसान जास्त होतं. ‘इतर’मधली नोंद निदान डोळ्यांना दिसते, नंतर सोडवता येते. पातेल्यांत गेलेला बंब शोधायचा कसा? पातेल्यांचा साठा फुगतो आणि मोडीचं वजन हरवतं. जुने मुनीम ज्या रकमेचं खातं ठरत नसे ती उचंत खात्यात लिहीत, भलत्याच्या नावावर टाकत नसत. जीएसटीसाठी मालाला आकडे देणाऱ्या एचएसएन यादीतही ७४१८ मध्ये तांब्याच्या घरगुती वस्तू आहेत आणि लगेच ७४१९ मध्ये ‘तांब्याच्या इतर वस्तू’.

आमची गल्लत अशी, की दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात होत्या. वस्तू माहीत आहे पण तिचा गट नाही, ही एक. घाईत कुणी बघितलंच नाही, ही दुसरी. आजारांच्या आयसीडी-१० यादीत यांना सहसा वेगळे आकडे असतात: शेवटी ८ म्हणजे ‘इतर, पण ठरलेला’, ९ म्हणजे ‘तपशील नाही’. आता आपल्याकडेही दोन गट केलेत. ‘इतर’मध्ये वस्तूचं नाव लिहिल्याशिवाय नोंद होणार नाही, आणि तेच नाव वारंवार आलं तर नवा गट करायचा का ते विचारलं जाईल. ‘गट लावायचा आहे’ची यादी रोज हिशेब मिटवताना समोर येईल. ‘मोड’ हा गट तर पहिल्या दिवसापासून हवा होता. तो नगावर नाही, वजनावर चालेल.

नवी आवृत्ती चढवायला मी स्वतः दुकानात येतो. पातेल्यांतल्या ज्या नोंदींना खरेदीचं बिल नाही, त्यांची यादी काढून आणतो. मोडीचा माल कोणता त्यावर तुम्ही आणि मुलाने खुणा करून द्या, दुरुस्ती तिथेच बसून करून देतो.