होजवरून हात फिरवू नका: ग्रॅबच्या ‘६ युक्त्यां’ना उत्तर

‘छोट्या लोडरला ग्रॅब बसवायच्या ६ युक्त्या, ज्या डीलर कधीच सांगणार नाही’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो भाच्यानं टाकला. त्यानं नुकताच एक जुना स्किड स्टीअर (हाच तो छोटा लोडर) घेतलाय. पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यात झाडं-फांद्या उचलायची कामं निघतात, म्हणून ग्रॅबही (लोडरच्या पुढे बसणारा, पकडून उचलणारा हायड्रॉलिक पंजा) घेतला. मेसेजखाली त्याची ओळ होती: ‘मामा, बरोबर आहे ना? उद्या बसवतोय.’

बरोबर नाही. त्याला फोनवर सांगितलंच, पण मेसेज पुढे गेलाय तेव्हा लिहूनही ठेवतो. सुरुवात तिसऱ्या युक्तीपासून करतो, कारण बाकीच्यांत ऑइल आणि पैसे जातील, हिच्यात बोट जाईल.

युक्ती अशी: ‘बारीक गळती सापडत नसेल तर मशीन चालू ठेवून होजवरून हात फिरवा, ओलं लागेल तिथं भोक.’ हे ज्यानं लिहिलं त्यानं आधी स्वतःचा हात फिरवून दाखवावा. होज म्हणजे दाबाखालचं ऑइल नेणारी नळी. या लोडरच्या ऑक्झिलरी लाइनमध्ये, म्हणजे ग्रॅबला ऑइल पुरवणाऱ्या लाइनमध्ये, साधारण २०० बार दाब असतो. ट्रकच्या टायरात असतो ८ च्या आसपास. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून त्या दाबानं सुटलेलं ऑइल धड दिसतही नाही आणि कातडीतून सरळ आत शिरतं. त्याला २०० बारही लागत नाहीत, ७ बारच्या आसपासही ते होऊ शकतं. वरून दिसतो फक्त एक ठिपका. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस फडकं बांधून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र ऑइल स्नायुबंधांच्या आवरणातून पार तळहातापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा तुटतो आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

हे काही नवं ज्ञान नाही. १९३७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सी. ई. रीस यांनी डिझेल इंजिनातलं इंधन दाबाखाली शरीरात शिरल्याची केस छापली. तेव्हापासून डॉक्टर हेच सांगत आलेत की जखम केवढी दिसते यावर जाऊ नका, तातडीनं उघडून साफ करा. असं कुणाला झालंच तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी जायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि ‘टोचलं’ एवढंच न सांगता ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरनं आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा आणि सेफ्टी चष्मा पुरतो. पुठ्ठ्यावर डाग उमटला की मशीन बंद, प्रेशर शून्य, मग होजला हात.

पहिली युक्ती हिचीच सख्खी बहीण: ‘क्यूआरसी आत जात नसेल तर निपलच्या टोकावर हातोडीचा ठोका द्या, किंवा नट ढिला करून ऑइल सोडा.’ क्यूआरसी म्हणजे होज चटकन जोडायचं-सोडायचं कपलिंग, निपल म्हणजे त्याचा आत जाणारा भाग. ते का अडतं, हे आधी बघू. सकाळी ग्रॅब सोडला, दोन्ही कपलिंग बंद, ऑइल आतच कोंडलेलं. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात ते तापतं, फुगायला जागा मिळत नाही. बंद पोलादी जागेत तापमान एका अंशानं वाढलं की दाब सुमारे १० बारनं चढतो. होज जरा ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात तेवढा चढत नाही, पण कपलिंग अडायला पुरेसा. त्यावर ठोका मारला तर ऑइल थेट तोंडावर, आणि फ्लॅट फेस कपलिंगची सीलिंगची जागा कायमची खराब. मग तेच कपलिंग गळायला लागतं आणि मंडळी हात फिरवायला मोकळी.

खरा उपाय ग्रॅब सोडण्यापूर्वीचा आहे. ग्रॅब रिकामा करून जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी ऑन, ऑक्झिलरीचा कंट्रोल दोन्ही बाजूंना हलवा आणि मगच क्यूआरसी काढा. काही मॉडेलांत कपलर घट्ट दाबून धरला की दाब आपोआप उतरतो. तुमच्या मशीनचं मॅन्युअल बघा. आधीच कोंडलं असेल तर ग्रॅब सावलीत घ्या आणि थांबा.

दुसरी युक्ती, प्रत्येक जॉइंटला भरपूर टेफ्लॉन टेप. टेपचे तुकडे सुटून वॉल्वमध्ये जातात. शिवाय होजच्या जोडांचे प्रकार वेगवेगळे: जेआयसी फिटिंग शंकूवर सील होतं, बीएसपीला बॉन्डेड (रबर चिकटवलेला) वॉशर असतो. टेप तिथं काही करत नाही. टेप गुंडाळावीशी वाटते तेव्हा बहुतेक वेळा आटेच वेगळे असतात. अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे आटे), दोन्हींना इंचाला १४ आटे, म्हणून एकमेकांत काही फेरे जातातही. पण बीएसपीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत) होज क्रिम्प करायला, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवायला, जाताना जुनं निपल सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

चौथी: ‘ग्रॅबची पकड कमी वाटली तर रिलीफ वॉल्वचा स्क्रू आवळा.’ रिलीफ वॉल्व म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरचा दाब सोडून देणारा वॉल्व; स्क्रू आवळला की ती मर्यादा वाढते. ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर २०० बारला सहा टनांहून जास्त जोर देतो. फांद्या धरायला आणखी किती हवा? पकड सैल असेल तर आधी सिलिंडरचं सील बघा. आणि अर्धा इंची सिंगल वायर (तारेचा एकच थर असलेला) होज १६० बारचा असतो, डबल वायर २७५ चा. स्वस्तातला सिंगल वायर लावला असेल तर स्क्रूला हात न लावताही तो मर्यादेपलीकडे आहे.

पाचवी म्हणते, लोडरची उचलायची क्षमता ८०० किलो तर ग्रॅबनंही ८०० उचला. टायरवाल्या स्किड स्टीअरचा तो आकडा म्हणजे उलटण्याच्या वजनाच्या निम्मा, आणि तोही बकेट लावून काढलेला. ग्रॅब बकेटपेक्षा १५० किलो जड असेल तर राहिले ६५०. ओंडका पुढे लोंबत असेल तर त्याहूनही कमी.

सहावी मात्र, नाइलाजानं, निम्मी खरी. ‘तिसऱ्या होजची गरज नाही.’ तिसरा होज म्हणजे केस ड्रेन, मोटरमध्ये आत झिरपलेलं ऑइल टाकीत परत नेणारी लाइन. ग्रॅबला तिची गरज नाहीच. सिलिंडर डबल अॅक्टिंग, एक होज उघडायला, एक बंद करायला. डीलर ती लाइन ग्रॅबसाठी म्हणून गळ्यात मारत असेल तर खुशाल नाही म्हणा. पण उद्या त्याच लोडरवर मोटरवर चालणारं, केस ड्रेन लागणारं अटॅचमेंट लावलं आणि ड्रेन जोडला नाही, तर मोटरचं शाफ्ट सील फुटेल. भाच्याला ऑगर (खड्डे पाडणारं, मोटरवर चालणारं अटॅचमेंट) घ्यायचाय, म्हणून त्याला मी ती लाइन काढू दिली नाही.