पायवालं विमान

विमान उडत असताना त्याला मध्येच दोन पाय फुटले, तर वैमानिकानं काय करायचं असतं? आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांनी हा प्रश्न कुणालाही न विचारता सबंध उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या. गेमचं नाव 'मॅक्रॉस'. आम्ही 'मेक्रोस' म्हणायचो, आणि ज्यांना तेही झेपत नसे ते नुसतं 'पायवालं विमान लाव' म्हणायचे. एका बटणानं गोळी सुटायची, दुसऱ्यानं रूप पालटायचं. आधी सरळसाधं लढाऊ विमान. मग पंख तसेच ठेवून खालून पाय आणि हात बाहेर. मग पंखही गायब आणि अख्खा रोबोट, हातात बंदूक. विमान सुसाट पळायचं, रोबोट रमतगमत जायचा, आणि मधलं ते धड ना इकडचं ना तिकडचं प्रकरण मधल्याच वेगानं पुढे सरकायचं.

कधी काय व्हायचं, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. सोबत पुस्तिका असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हा गेम एकटा आलाच नव्हता. तो '६४ इन १' कॅसेटमधून आला होता. पुढे '९९९९९९ इन १' पण निघाली. तिच्यात तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे आणि तरीही आम्ही 'बघू, कदाचित आठ हजारावा वेगळा असेल' म्हणून खाली खाली जात राहायचो. आमचं यंत्र म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होती. अस्सल फॅमिकॉम निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली काढला आणि त्याच्यासाठी बांदाई कंपनीनं १९८५ साली हा गेम आणला. जुन्या गेमांचा आकार चाळीस किलोबाइटच्याही आत असायचा. आज लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. म्हणून असले गेम ढिगानं एका कॅसेटीत कोंबता यायचे आणि बिचाऱ्या मॅक्रॉसवर कबुतरं मारायच्या गेमच्या शेजारी राहायची वेळ आली.

घरात या गेमचे तीन शत्रू होते. पहिले काका. 'व्हिडिओ गेमनं पिक्चर ट्यूब जाते' हा त्यांचा सिद्धांत. कुणाची गेलेली त्यांनी पाहिली नव्हती, पण दर अर्ध्या तासानं येऊन ते टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि ताप असल्यासारखं तोंड करून जायचे. दुसरी दुपारची झोप. घरातली मोठी माणसं झोपली की गेम लावायचा, पण आवाज शून्यावर. त्यामुळे या गेमला संगीत आहे, हे मला फार उशिरा कळलं. आणि तिसरी आजी. ती शत्रू नव्हती, पण प्रश्न विचारायची.

"हा कुणाशी भांडतोय?"

"शत्रूशी."

"त्यांनी काय केलंय याचं?"

आम्ही गप्प. स्क्रीनच्या उजवीकडून हिरवट-जांभळट काहीतरी येत होतं आणि आम्ही ते पाडत होतो, एवढीच माहिती होती.

"विचारून तरी बघा की मेल्यांनो," आजी म्हणायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची.

आतेभावाच्या घरच्या रिमोटला टर्बोची बटणं होती. धरून ठेवलं की गोळ्यांचा पाऊस. एकदा ऐन गर्दीत त्यानं गोळीऐवजी रूप पालटायच्या बटणाचा टर्बो धरून ठेवला. विमान, अर्धवट, रोबोट, विमान, अर्धवट, रोबोट. आपण नक्की कोण आहोत याचा निर्णय होईपर्यंत शत्रूनं त्याला निवांत संपवलं. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे ठरवताना त्याचं अगदी असंच झालं, पण तो विषय इथला नाही.

दुसरं एक कोडं म्हणजे गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. आत्ता आहे, आत्ता नाही. आम्ही अ‍ॅडॉप्टरवर संशय घेतला, त्याला थपडा मारल्या, कॅसेट काढून फुंकर घातली, पंख्याखाली गार केली. खरी गोष्ट इतकी साधी होती की रडू यावं. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येतात. नववा आला की त्याला जागा नाही. मग गेम बनवणारे आळीपाळीनं एकेकाला दडवायचे, म्हणजे कुणी कायमचा गायब व्हायला नको. यंत्र ठणठणीत होतं. थपडा फुकट गेल्या.

हे सगळं मी विसरून गेलो असतो, पण यंदा सुट्टीत भाची आली. तिला अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, पाठ आहेत. माळ्यावरून खोकं काढताना कॅसेट दिसली आणि तिनं मेनूच्या स्टिकरवरचं नाव वाचून किंकाळी मारली. "मामा, तू मॅक्रॉस खेळायचास? आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? पायवालं विमान आहे."

"त्या विमानाला व्हॅल्किरी म्हण!"

मग जेवणाच्या टेबलावर माझा वर्ग भरला. या गेमची मूळ मालिका जपानी टीव्हीवर १९८२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, छत्तीस भाग. विमान डिझायनर शोजी कावामोरी यांच्या डोक्यातून निघालं आणि ते एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानावर बेतलेलं आहे. आकाशातून १९९९ साली एक प्रचंड परकं जहाज पृथ्वीवरच्या एका बेटावर कोसळतं, माणसं ते दुरुस्त करतात आणि २००९ साली ते उडायला सज्ज होतं तोच युद्ध पेटतं. (२००९ साली मी गृहकर्जाचा फॉर्म भरत होतो. पृथ्वीवर हल्ला झाला असता तर निदान व्याजदर तरी स्थिर राहिला असता.) जहाज निसटायला जातं आणि बेटावरच्या लोकांसकट थेट प्लूटोजवळ पोचतं. मग ते लोक जहाजाच्या पोटातच गाव वसवतात. आणि हे जहाजसुद्धा रोबोट होतं! ते पहिल्यांदा रोबोट झालं तेव्हा आतले रस्ते, घरं, दुकानं सगळं हललं. आधी नोटीस वगैरे काही नाही. हे ऐकून आमच्या ताईला गाव अगदी ओळखीचं वाटलं.

"पण शत्रूनं काय केलं होतं?" मी आजीचा प्रश्न इतक्या वर्षांनी पुढे सरकवला.

शत्रूचं नाव झेंट्राडी. माणसापेक्षा कितीतरी पट मोठे. त्यांना लढाईखेरीज काही येत नाही. गाणं नाही, गोष्ट नाही, बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे. एकदा त्यांच्यासमोर एका माणसानं आणि एका बाईनं चुंबन घेतलं, तर एवढे आडदांड सेनापती हादरले. यात परग्रहाचं विशेष असं काही नाही. आमच्या घरात टीव्हीवर तसा प्रसंग आला की काकाही उठून पाणी प्यायला जायचे. पुढे मिनमे नावाची एक गायिका येते. तिची गाणी ऐकून शत्रूचे सैनिक लढायचं विसरतात, काही तर पळून या बाजूला येतात. शेवटच्या मोठ्या लढाईत तिचं गाणं प्रक्षेपित करतात आणि शत्रू थिजला की मग हल्ला.

"म्हणजे गाणं हेच खरं शस्त्र," भाची म्हणाली. "आणि या गेममध्ये मागे जी धून वाजते ना, ती मिनमेच्याच गाण्याची चाल आहे."

मी चमचा खाली ठेवला. लहानपणीच्या एकूण एक लढाया आम्ही आवाज शून्यावर ठेवून लढलो होतो.

आता सिद्ध करून दाखवणं आलं. पण नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी वायर खुपसायला भोकच नाही. दुकानातून एक डबी आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, चालेल, पण गॅरंटी विचारू नका." चाललं. चित्र बाजूंनी ताणलं जाऊन विमानाचा चपटा पाव झाला होता, पण चाललं. खरी पंचाईत खेळायला लागल्यावर कळली. जुना टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं दाखवायचा. हा नवा आधी ते सुंदर करतो, कडा गुळगुळीत करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात एका सेकंदाचा लहानसा तुकडा जातो आणि तेवढ्यातच मी जातो. मी 'रोबोट हो' म्हणून बटण दाबायचो आणि माझा अर्ज वरच्या टेबलावर मंजूर होईपर्यंत मी मेलेला असायचो. एकदा तर मेल्यावर पाय फुटले.

"मामा, टीव्हीला गेम मोड असतो," भाची शांतपणे म्हणाली आणि तिनं तो लावला. त्यानंतरही मी मरतच राहिलो, पण आता टीव्हीचं नाव घेता येईना. अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. ताईनं बाम आणून दिला. बाम लावल्यावर अंगठा बटणावरून घसरतो, ही माहिती पुस्तिका असती तरी तिच्यात मिळाली नसती.

शेवटी भाचीनं सूत्रं घेतली. ती विमान होऊन भरभर पुढे जायची, दाटी झाली की रोबोट होऊन सावकाश निवडून मारायची. एवढं साधं! ती शत्रूच्या मोठ्या जहाजात शिरली, त्याचा गाभा फोडला. आम्ही दोघं उभे राहिलो. आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, फक्त शत्रू जास्त चवताळलेले.

"शेवट नाही?"

"नाही. परत तेच."

"मग आवाज तरी वाढव. बघू गाण्याचा काही परिणाम होतो का."

आवाज पूर्ण वाढवला. शत्रूंवर काडीचा परिणाम झाला नाही, ते मारतच राहिले. दहा मिनिटं तीच छोटी धून गोल गोल फिरत होती. ताईनं कानात बोटं घातली, पण तीही दार लावून न घेता उंबऱ्यातच उभी राहिली. तेवढ्यात फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये सेक्रेटरींचा मेसेज आला : 'बी विंगमध्ये कोणाच्या तरी घरी गॅसगळतीचा अलार्म सतत वाजत आहे. कृपया सर्वांनी आपापले सिलिंडर तपासावेत.' त्याखाली सात जणांनी 'तपासले, ओके' लिहिलं होतं आणि तळमजल्यावरच्या काकांनी हात जोडलेले.

मी 'तपासतो' लिहिलं आणि भाचीला म्हटलं, "तू खेळ. दोन मिनिटांत तपासून होईल."