सर्दी लपवू नका हो, हात जोडते

सकाळपासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भूलतज्ज्ञाला झोडपणं चाललंय. नणंदेच्या सहा वर्षांच्या मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. थिएटरच्या दारापर्यंत गेली पोरगी, आणि डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, आज नाही, चार आठवड्यांनी या. झालं. "जरा नाक गळतंय म्हणून रद्द?" "पुन्हा तपासण्या, पुन्हा बिल, धंदा आहे सगळा." दीर, जाऊ, मामेसासरे, कुणी मागे राहिलं नाही.

दुपारपर्यंत मी गप्प होते. आता राहवत नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझा मुलगा तीन वर्षांचा होता. हर्नियाचं साधं ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पाच दिवस आधी त्याला सर्दी झाली, रात्री खोकायचा. ह्यांनी रजा टाकलेली, सासूबाई गावाहून आलेल्या, पैसे भरलेले. आदल्या रात्री मी त्याला सर्दीचं सिरप पाजलं. सकाळी नाक कोरडं. भूलतज्ज्ञांनी दोनदा विचारलं, "ताई, सर्दी, खोकला, ताप काही?" दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

थोड्याच वेळात आत धावपळ सुरू झाली. वॉर्डबॉय पळत बाहेर आला, दार उघडंच राहिलं, आणि मशीनचा टूं-टूं आवाज ऐकू आला. खाली खाली उतरत जाणारा. रक्तातला ऑक्सिजन उतरतो तसा तो सूर उतरतो, हे मला नंतर कळलं.

सर्दीच्या विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सुजतं. नाक थांबलं तरी आतला हुळहुळेपणा दोन ते सहा आठवडे राहू शकतो. भूल देताना लाळेचा थेंब जरी लागला तरी स्वरयंत्राचे पडदे गच्च मिटू शकतात. लॅरिंगोस्पाझम म्हणतात. हवा आत जातच नाही. लहान मुलांचा ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा फार लवकर संपतो. आणि टॉन्सिल तर घशातच! श्वासाच्या वाटेवरच रक्त, तिथेच चिमटे. घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर धोका आणखी वाढतो. भावजी, हे तुम्ही वाचा.

हो, मान्य, लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते, दरवेळी थांबलं तर ऑपरेशन व्हायचं कधी? म्हणून तर नुसतं पातळ पाणी गळतंय एवढ्यावर डॉक्टर सहसा परत पाठवत नाहीत. ताप, घट्ट हिरवा शेंबूड, छातीतली घरघर, मलूल झालेलं मूल, हे बघतात. अपेंडिक्स फुटायला आलं तर सर्दीतही करतात. पण हे ठरवायला त्यांना खरं कळायला नको?

2021 मध्ये 116 देशांतल्या 1,40,000 हून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी सांगितलं, कोविड झाला असेल आणि जमत असेल तर ऑपरेशनला सात आठवडे थांबा. तेव्हा मामेसासऱ्यांचा गुडघा पुढे ढकलला, ह्याच ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. मग पोरीच्या वेळीच चार आठवडे का जड झाले?

नणंदेवर राग नाही माझा. पहाटेच्या एसटीने आली बिचारी, पोरगी रात्रीपासून उपाशी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे तिला कुणी सांगितलं नाही, ती मात्र हॉस्पिटलचीच चूक.

माझ्या मुलाचा श्वास त्या डॉक्टरांनी परत आणला. ऑपरेशन त्या दिवशी केलं नाही, रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं. बाहेर आले तेव्हा कपडे घामाने पाठीला चिकटलेले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, सर्दी होती ना?" मी मान हलवली.

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. "डॉक्टरने भूल जास्त दिली" असं सगळे आजवर म्हणत आले, आणि मी म्हणू दिलं. नऊ वर्षं. आज ग्रुपवर तीच भाषा वाचली आणि हात थरथरायला लागले.

मघाशी नणंदेला फोन केला. हे सगळं तिला सांगितलं, मग विचारलं, खोकला किती दिवस होता? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, दहा दिवस."

पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर जाणार आहे.