मी पयलेच सांगेल व्हतं

चुलत बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी, अमळनेरजवळच्या गावी. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, तिसऱ्या दिवशी गेलं. तेव्हापासून भेटायला येणारी जवळपास प्रत्येक बाई उठताना म्हणते, "मी पयलेच सांगेल व्हतं."

काय सांगितलं होतं? म्हणे जळगावला न्या, म्हणे सिझर करा. त्या रात्री मी तिथेच होते. कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. उलट "टाके कशाला? आम्ही नाही का बाळंत झालो?" हेच चाललं होतं.

बाया खोटं बोलत नाहीत, हेच अवघड आहे. १९७५ साली बारूक फिशहॉफ यांनी प्रयोगांतून दाखवलं, की शेवट कळला की तो आधीपासून दिसत होता असं माणसाला मनापासून वाटतं. डॉक्टरही सुटत नाहीत. १९९१ च्या एका अभ्यासात ११२ भूलतज्ज्ञांना २१ प्रकरणं वाचायला दिली. उपचार तेच, फक्त इजा कायमची की तात्पुरती एवढाच फरक. कायमची म्हटलं की तेच उपचार अनेकांना चुकीचे वाटू लागले.

आमच्याच घरी गेल्या वर्षी उलटं झालं. जावेच्या पोटातल्या बाळाचे ठोके घसरले म्हणून घाईने सिझर केलं, बाळ खणखणीत रडलं. लगेच निकाल: "काही नव्हतं, पैसे काढले." ठोक्यांच्या मशीनचा इशारा पुष्कळदा खोटा निघतो हे खरं, पण खोटा की खरा हे त्या मिनिटाला कुणाला कळणार? थांबले असते आणि बाळ गेलं असतं, तर हेच लोक उलट बोलले असते.

म्हणून दवाखान्याला सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. सक्रिय कळांत दर अर्ध्या तासाला तरी ठोके ऐकून लिहायचे असतात. बहिणीच्या कागदावर रात्री दोन ते साडेचार कोरं आहे. ऐकले असते तर बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही. पण ऐकायला हवे होते, हे रात्री दोनलाही ठाऊक होतं. प्रश्न विचारायचा तर हा.

बाकीचे जर-तर बहिणीवरच येऊन पडतात. परवा हळूच म्हणाली, "आक्का, त्या दुपारी धुणं धुतलं म्हणून झालं का गं?"

कागदांची नक्कल लेखी मागितली आहे. नियमाने ७२ तासांत मिळायला हवी. आज पाचवा दिवस.