‘पर्याय नाही’ हे कधी म्हणायचं?

नमस्कार दादा,

पर्याय असेल तिथं प्रयोगशाळेत प्राणी वापरू नयेत, या माझ्या लेखावर तुम्ही इचलकरंजीहून मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, आणि रागानं लिहिलीत. राग समजला. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडते. तुमच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. ‘कुत्र्यांवर प्रयोग झाले नसते तर माझी पोरगी आज नसती,’ हा पहिला मुद्दा. तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या गावात उंदरांसाठी गळा काढणं ढोंग आहे, हा दुसरा. बेडूक हातात न धरलेली पोरं उद्या औषधं काय बनवणार, हा तिसरा. आणि शेवटी एक प्रश्न: ‘मॅडम, नोकरीत असताना तुम्ही स्वतः किती बेडूक मारले?’

तो प्रश्न टाळणार नाही. आधी मुलीचं बोलू.

तुमचं म्हणणं खरं आहे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांची स्वादुपिंडं काढून, त्यांना मधुमेही करून, मग स्वादुपिंडाचाच अर्क, म्हणजे इन्सुलिन, टोचून पाहिला. ती कुत्री मेली म्हणून लाखो मुलं जगली. हे मी कधीच नाकारणार नाही, आणि तुमच्या मुलीनं इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नये. पण पुढचं बघा. त्यानंतर कित्येक वर्षं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडांतून काढत होते. त्याची ताकद मोजायला सशांना टोचून त्यांची साखर किती उतरते ते बघत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. आज ती ताकद यंत्रावर मोजता येते. म्हणजे तुमच्या घरच्या फ्रिजमधलं औषध हेच पर्यायाचं उदाहरण आहे.

दुसरं उदाहरण आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी कागलला पिसाळलेलं कुत्रं चावलं. वडील त्याला रोज एसटीनं कोल्हापूरला आणायचे, पोटात चौदा इंजेक्शनं. सातव्या-आठव्या दिवसापासून तो एसटी स्टँड दिसला की रडायला लागायचा. ती लस कशी बनायची हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. जिवंत मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू सोडायचा, तिला लुळेपणा आला की मारायचं, मेंदू वाटायचा आणि फिनॉलनं विषाणू निकामी करायचा. त्या लसीत मेंढीच्या मज्जातंतूंचा अंश राहायचा, त्यामुळं काही माणसांना लस घेऊनच लकवा व्हायचा. पेशींवर वाढवलेली लस जगात होती, तरी आपल्याकडं मेंढीची लस २००४ च्या अखेरपर्यंत चालली. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं, मेंढी नाही, लकव्याची ती धास्ती नाही. इथं मेंढीचं आणि माणसाचं हित एकाच बाजूला होतं. उशीर झाला तो आपल्याला सवय झाली होती म्हणून.

रश्शाचा मुद्दा. रविवारी माझ्याही घरी मटण शिजतं. पण बेंदूर या बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणाऱ्या शेतकऱ्याला आपण ढोंगी म्हणतो का? वर्षभर तो त्याच खांद्यावर जू ठेवतो, आणि तरी हळद-तूप चोळताना त्याचा हात खोटा नसतो. ज्याच्याकडून काम घेतो त्याचा खांदा सोलला का हे बघणं त्याला कळतं. प्रयोगशाळेकडं मी एवढंच मागते आहे.

आता तिसरा मुद्दा, आणि इथं मी जरा सविस्तर लिहीन, कारण यात माझी सगळी नोकरी गेली. मी एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे. बेडूक पोत्यातून यायचे, ओल्या गोणपाटात गच्च भरलेले. तळाचे काही आधीच मेलेले असायचे. पिथिंग म्हणजे डोकं आणि पाठीचा कणा जिथं जुळतो तिथं सुई घालून मेंदू निकामी करणं. सरावलेल्या हाताला दोन सेकंद लागतात. नवख्या पोराला तो खळगा सापडत नाही. सुई सरकते, दुसऱ्यांदा घालतो, तिसऱ्यांदा घालतो, आणि बेडकाचे मागचे पाय ताठ होऊन त्याच्या मनगटावर दाबत राहतात. मग पोटाचा स्नायू काढून रिंगरच्या द्रावणात (त्यात स्नायू काही वेळ जिवंत राहतो) टांगायचा, अ‍ॅसिटिलकोलीनचे थेंब वाढवत जायचे आणि काजळी धरलेल्या ड्रमवर स्नायू आकसल्याच्या रेघा घ्यायच्या. अर्ध्या गटांचे आलेख बिघडायचे. संध्याकाळी ती पोरं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रेघा उतरवून काढायची आणि मी सही करायचे. उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नासाठी जीव जायचा, आणि उत्तर शेवटी कॉपी करूनच लिहिलं जायचं.

तोच आलेख आज संगणकावर मिळतो. पाँडिचेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत ‘एक्सफार्म’ नावाची प्रणाली बनली, तिच्यावर मी शेवटची काही वर्षं शिकवलं. पोरं डोस चुकवायची, पुन्हा द्यायची, दहा वेळा द्यायची. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढं परिणाम का वाढत नाही, हे त्यांना पहिल्यांदा खरोखर समजलेलं मी तेव्हा बघितलं. ‘पोरांचा हात बसायला हवा’ हे तुमचं वाक्य मी स्टाफरूममध्येही पुष्कळ ऐकलंय. त्यावर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाच काय म्हणतो बघा: केवळ हाताला सराव व्हावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, आणि पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी तेवढंच शिकवता येत असेल तर कॉलेजांत प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. हा कायदा व्हावा म्हणून भरतनाट्यमच्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झटल्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं ते २०१४ मध्ये. मधली चोपन्न वर्षं कलम पुस्तकात होतं आणि बेडूक पोत्यात.

कॉम्प्युटरला लिव्हर नसतं, मग त्यावर औषध कसं तपासणार, असं तुम्ही म्हणाल. कबूल. पण उंदराला तरी माणसाचं लिव्हर कुठं असतं? आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना दिलं, प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या डोसाच्या पाचशेव्या भागाइतकं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात, एकेक अवयव बंद पडायला लागलेला. माकडांना त्या औषधानं काही झालं नव्हतं, कारण माणसाच्या काही पेशींवर जो रेणू असतो तो माकडाच्या त्याच पेशींवर नव्हता. म्हणून आता माणसाच्याच पेशींपासून छोटी ऊतकं आणि चिपवरचे अवयव (छोट्या पट्टीवर वाढवलेल्या, अवयवासारखं काम करणाऱ्या पेशी) बनवून त्यांच्यावर औषध तपासतात. मार्च २०२३ मध्ये आपल्या औषध नियमांतही या पद्धतींना जागा मिळाली. सगळं काही त्यांनी होत नाही. अख्ख्या शरीरात औषध कसं फिरतं हे अजून चिपवर पूर्ण दिसत नाही.

आणि जिथं पर्याय नाही तिथं नाही म्हणून मीच सांगते. आपल्या भागात ऊसतोडीच्या दिवसांत फडात घोणस चावते, मण्यार चावते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात माणूस आणला की जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तातून येतं. त्या घोड्याला विषाचे थोडे थोडे वाढते डोस दिलेले असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कृत्रिम प्रतिद्रव्यावर चांगलं काम चाललंय, पण ते अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. तोवर घोडा लागणार. मग घोड्याला सावली आहे का, टोचल्या जागी गळू होतंय का, किती रक्त काढतात, त्यातल्या लाल पेशी त्याला परत देतात का, हे विचारायचंच नाही का?

अशा विचारण्यातून काय बदलतं ते मी स्वतः पाहिलंय. उंदीर शेपटीला धरून उचलायचा, असं मला शिकवलं होतं आणि मीही तसंच शिकवलं. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं की शेपटीनं उचललेले उंदीर भेदरलेले राहतात, आणि नळीतून किंवा ओंजळीतून उचलले तर नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणला, वीतभर लांबीचे तुकडे करून कडा घासल्या आणि पिंजऱ्यात टाकले. पहिले दोन दिवस उंदीर कोपऱ्यात दबून. आठवड्याभरात नळी पुढं केली की आपणहून आत यायचे, मिशा हलवत. वजन करताना लघवी सोडायचे बंद झाले. त्याच वर्षी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं मोजमापही प्रसिद्ध झालं: डोळे बारीक होतात, नाकाचा वरचा भाग आणि गाल फुगतात, कान मागं जातात. मी त्याची चित्रं पिंजऱ्यांवर चिकटवली. पाइपाला मोजून साठ रुपये लागले होते. भेदरलेल्या उंदराचा रक्तदाब, साखर, सगळंच वर गेलेलं असतं, त्यावर औषध तपासून हाती काय लागणार?

तुम्ही लिहिलंय की या गोष्टी शास्त्रज्ञांवर सोडाव्यात. कायद्याला ते मान्य नाही. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नीती समितीत शास्त्रज्ञ नसलेली, समाजाचं भान असलेली एक व्यक्ती बसवावी लागते. ती खुर्ची तुमच्यासारख्या माणसासाठीच आहे. मुलगी इन्सुलिनवर असलेला बाप तिथं बसून ‘हा प्रयोग दुसऱ्या कशानं होतो का ते शोधलं का, आणि कुठं शोधलं?’ असं विचारेल, तर त्याला कुणी भाबडा म्हणू शकणार नाही. शोधून नाही सापडलं तर मग म्हणावं पर्याय नाही. माझ्या नोकरीत ते वाक्य मी शोधायच्या आधीच ऐकलं, आणि तसंच बोललेही.

तुमचा शेवटचा प्रश्न. मी मोजले नाहीत. स्टॉक रजिस्टरमध्ये बेडकांचा रकाना रसायनांच्या खाली होता, खर्च पडले की आकडा वजा. काल आठवून हिशेब मांडला: दर वर्षी तीन बॅचेस, बॅचला पाच गट, गटाला वर्षाकाठी चार प्रयोग. साठ झाले. बिघडलेले आणि पोत्यात मेलेले त्यात नाहीत. अशी अकरा वर्षं.